बाहेरून कडी

हात आत आला तेव्हा बकुळाच्या मांडीवर मटारचं ताट होतं आणि मनात काहीच नव्हतं. इंटरवल होऊन गेल्यावर बायकांच्या खिडकीवर कुणी येत नाही. अर्ध्या पिक्चरचं पूर्ण तिकीट काढणारी बाई तिनं इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. पुरुष काढतात, बाया व्यवहाराला पक्क्या. म्हणून खिडकीच्या अर्धगोल भोकातून नोट धरलेला हात आत आला तेव्हा वर न बघताच ती म्हणाली, ‘‘पिक्चर आधा हो गया, बहनजी.’’ हात हलला नाही. बाहेरून कुणीतरी घाईत म्हटलं, ‘‘छुट्टे.’’ तिनं गल्ल्यातली नाणी काढून त्या तळहातावर ठेवली. मूठ मिटली, हात निघून गेला. तिनं पुढची शेंग फोडली, दाणे ताटात पाडले, आणि मग, जसा एखाद्याचा चेहरा तो वळून गेल्यावर आठवतो तसा, तिला तो अंगठा आठवला. नखाच्या खाली भाजल्याचा पांढरा डाग. कार्बनच्या कांडीनं भाजलेला. त्यावर तिनंच तूप लावलं होतं, फुंकर घातली होती आणि लहान मुलाला रागवावं तशी रागावलीही होती. तो तिच्या धाकट्या भावाचा, मार्तंडचा हात होता. तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे पिक्चर चालू होता, नायिकेची आई मरायला टेकली होती, आणि तो पिक्चर चालवणारा मार्तंड खाली येऊन सुट्टे पैसे घेऊन गेला होता. मग वर मशीनच्या केबिनमध्ये कोण होतं?

कुणीच नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं मनाशी दोन-तीन नावं घेऊन पाहिली. हाताखालचा एक माणूस पूर्वी होता, त्याला मालकांनी मागच्या वर्षीच काढला. ‘‘दो आदमी का काम ही कहाँ रहा,’’ असं जयसिंग शेठ म्हणाले होते, आणि हॉलमधल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. वर दोन मशिनं, एक थांबलं की दुसरं सुरू करायचं. मशिनाच्या पोटात दोन कांड्या एकमेकींकडे टोकं करून जळतात, त्यांचा तो पांढरा डोळे फोडणारा उजेड. त्या झिजतात तसतशा पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर उजेड मंदावतो, नाहीतर आणखी काही होतं. फिल्म मध्येच अडकली की उजेडाच्या आड पडणारी एक पत्र्याची झडप असते, ती पावसाळ्यापासून बिघडून सुतळीनं वर बांधलेली होती. ‘‘तान्हं मूल आणि कार्बन, यांना एकटं टाकून जाऊ नये अक्का,’’ हे मार्तंडचंच वाक्य. लग्न त्यानं केलं नाही, तान्हं मूल त्याच्या वाट्याला आलं नाही, कार्बन मात्र त्यानं खरोखरच लेकरासारखे सांभाळले. असं तिला आत्तापर्यंत वाटत होतं.

ती उठली असती, जिना चढून वर गेली असती. पण रूपश्री टॉकीजमध्ये खिडकीवर बसणाऱ्यांना बाहेरून कुलूप लावतात. शेठजींच्या वडिलांपासूनची रीत. गल्ल्यापर्यंत कुणाचा हात पोचू नये, आणि खरं सांगायचं तर गल्ल्यापाशी बसणाऱ्यालाही गल्ला घेऊन कुठं जाता येऊ नये. शो सुटायच्या वेळेला शेठजी घरून झोप काढून येतात, किल्ली फिरवतात, ‘‘आइए बहनजी’’ म्हणतात. पहिल्यांदा कुलूप लागलं तेव्हा बकुळाला हसू आलं होतं. तिचे वडील झाशीच्या खंडेराव गेट भागातल्या एका देवळात पुजारी. दुपारी नैवेद्य झाला की देवाला आत ठेवून ते बाहेरून कुलूप घालत आणि घरी येऊन वामकुक्षी घेत. देव काय करत असेल आत, असं ती लहानपणी विचारायची. ‘‘बसलेला असतो,’’ वडील म्हणायचे. मग तीही बसली. पुजाऱ्याची लेक टॉकीजच्या खिडकीत बसते म्हणून आपल्या मराठी घरांत चार दिवस कुजबुज झाली, नंतर त्याच घरांतल्या बाया पहिल्या दिवशीचं तिकीट मिळावं म्हणून तिच्याशी गोड बोलू लागल्या. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, इथं गरज बरीच वर्षं सरली नाही, त्यामुळे वैद्य जगला.

आता मात्र भोकाला तोंड लावून तिनं हाक मारली, ‘‘मार्तंड!’’ बाहेरच्या आवाजात ती हाक कुठल्या कुठे गेली. त्या आवाजाची तिला घृणा होती. लोकांना वाटायचं, म्हातारपणाकडे झुकलेली बाई, नवं काही आवडत नाही. तसं नव्हतं. पिक्चरचा आवाज तिला भिंतीतून वर्षानुवर्षं ऐकू येत होता, न बघता तिला सगळे पिक्चर पाठ व्हायचे, कारण त्या आवाजात माणसं होती. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, बंदूक उडाली तरी उडवणारा कुणीतरी असायचा. हा आवाज कुणाचाच नव्हता. टुणटुण, घूंऽऽ, फटाक, पुन्हा टुणटुण. पूर्वी ज्या भिंतीला काचेच्या चौकटीत येणाऱ्या पिक्चरचे फोटो लावलेले असत, त्या भिंतीला शेठजींनी दिल्लीहून आणलेली व्हिडिओ गेमची सहा डबडी उभी केली होती. नाणं टाकायचं, दांडी धरायची, एक माणूस पळतो, उड्या मारतो, गोळ्या झाडतो आणि मरतो. तो मेला की पुन्हा नाणं. शेठजींचा हिशेब असा की पोरं गेम खेळायला येतील आणि मग पिक्चरलाही बसतील. ‘‘भीड़ तो भीड़ है बहनजी, दरवाज़े पर आ गई तो अंदर भी जाएगी.’’ झालं उलटं. आत बसलेले इंटरवलला लघवीला म्हणून बाहेर यायचे आणि डबड्यांपाशी थांबायचे ते थांबायचेच. नायकाची बहीण पळवून नेलीय, नायक पोचतोय की नाही, याची कुणाला फिकीर नाही. हॉलमध्ये जाऊन बसलेलं माणूस बाहेर ओढून काढणारी गोष्ट बकुळानं तोवर पाहिली नव्हती. एकदा शहरात दंगल उसळली होती तेव्हासुद्धा लोक शेवट बघून मगच पळाले होते.

मग शेठजींनी हुकूम काढला, इंटरवलनंतर दारांना बाहेरून कडी. लोकांना कोंडायचं असं ते म्हणाले नाहीत. फुकटे आत घुसतात म्हणून, असं म्हणाले. दरवान हल्के भैया कड्या घालतो आणि कड्या घालून झाल्या की स्वतः डबड्यांपाशी उभा राहतो, खेळत नाही, नुसता बघतो. ‘‘देखबे में का जात है, जिज्जी,’’ म्हणतो. खालच्या वर्गाला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार आहे, सरकारी कायद्यानं ठेवलेलं, त्याला कडी घालत नाहीत. जनान्याला तसलं दार नाही. जनाना म्हणजे हॉलच्या एका अंगाला, छतापर्यंत लाकडी जाळी ठोकून केलेला बायकांचा भाग. जाळीतून पडदा दिसतो, पुरुषांना बाया दिसत नाहीत. त्याला एकच दार, बकुळाच्या खिडकीच्या उजव्या हाताला. त्या दाराला मात्र शेठजींच्या हुकमाच्या कितीतरी आधीपासून, पहिल्या दिवसापासून, बाहेरून कडी. कुणी दारुड्यानं आत शिरू नये म्हणून. त्या कडीच्या भरवशावर खंडेराव गेटातल्या सोवळ्या म्हाताऱ्यांनी सुना पाठवल्या, प्रेम नगरातल्या रेल्वेवाल्यांनी बायका पाठवल्या. एकटी बाई घाबरत खिडकीशी आली की बकुळा ठरलेलं वाक्य बोलायची, हिंदीत किंवा मराठीत, समोरचा हात बघून. हातावरून तिला कळायचं.

आजही ती बोलली होती. आज जनान्याचं एकच तिकीट गेलं होतं. हिरव्या काचेच्या बांगड्या, त्यांत मध्येच सोन्याची एक, आणि उन्हानं रापलेलं मनगट. ‘‘एक टिकट देना भाभीजी’’ असं त्या हातानं म्हटलं, पण ‘टिकट’ म्हणतानाचा सूर असा होता की बकुळा सरळ म्हणाली, ‘‘कुठल्या तुम्ही?’’ बाहेर बांगड्या वाजल्या. मग, ‘‘अगं बया! तुम्ही मराठी?’’ आणि दोन डोळे भोकाशी आले. ती दुर्गा, साताऱ्याकडची, नवरा बबीन्याला फौजेत. दवाखान्यात दाखवायला झाशीला आली, परतीची बस चुकली, पुढची संध्याकाळी. ‘‘कुठं बसू म्हणलं, थंडीचं. हितं बसल्यालं बरं. पण एकटीनं बसलं तर चालंल का हो बाई?’’ दवाखान्यात कशाला, ते बकुळानं विचारलं नाही, पण तिनंच लाजत सांगितलं, चौथा लागलाय म्हणून. ‘‘भिऊ नका,’’ बकुळा म्हणाली. ‘‘दाराला बाहेरून कडी असते. आत कुणी येत नाही.’’ ‘‘बरं,’’ दुर्गा म्हणाली. इतकं भोळं ‘बरं’ की बकुळाला दिवसभर त्याची ऊब पुरली असती. झाशीत जन्मलेली बकुळा, तिची मराठी पणज्यांच्या वेळची, घरातल्या घरात राहून शिळी झालेली. नव्या पोरी तर नुसतं ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. त्या बाईचं बोलणं ताज्या भाकरीसारखं होतं. परत जाताना तिला ओंजळभर मटार द्यावेत असंही बकुळाच्या मनात येऊन गेलं.

आता तेच ताट मांडीवर जड झालं होतं. भिंतीतून येणाऱ्या आवाजावरून तिनं अंदाज घेतला. आई मेली, आता गाणं, गाण्यानंतर कोर्ट, आणि कोर्टाच्या मध्ये कुठेतरी रीळ संपतं. रीळ बदलताना आवाज किंचित दचकतो, चालता माणूस ठेचकाळून सावरावा तसा. प्रेक्षकांना ते कळत नाही, तिला कळतं. तोवर मार्तंड वर जाईल. जाईलच. हे आजचं नसणार, तिच्या लक्षात आलं. इतक्या सराईतपणे तो हात आत आला होता. मोठं रीळ लावायचं, खाली यायचं, खेळायचं, वेळेवर वर धावायचं, असं किती दिवस चाललं असेल, आणि आपण भिंतीला पाठ लावून शेंगा सोलत, निर्धास्त. तिला त्याचा राग आला, आणि रागाखाली भीती होती, आणि भीतीच्याही खाली एक जुनी माया होती, जिच्यामुळे राग कधी पुरता पिकत नसे. आई गेली तेव्हा मार्तंड एवढासा. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं. टॉकीजात लागला तेव्हा पहिल्या दिवशी घरी येऊन त्यानं शर्ट तिच्या नाकाशी धरला होता, ‘‘वास घे अक्का, हा पिक्चरचा वास.’’ तापलेलं लोखंड, तेल आणि काहीतरी गोडसर जळल्यासारखं. तो वास पुढे त्याच्या केसांत, उशीत, धोतराच्या घडीतही राहिला. आणि नाक तर असं की जेवता जेवता घास थांबवून म्हणायचा, शेजाऱ्यांच्या इस्त्रीची वायर जळतेय. जाऊन बघावं तर खरंच. दूध उतू जायच्या आधी त्याला कळायचं. मुंजीत भटजी म्हणाले होते, या मुलाच्या नाकात अग्नी आहे. बकुळा त्याची थट्टा करायची, तुझ्या नाकात अग्नी नि तोंडात विस्तव.

गेम आले तेव्हा तोही हसला होता. ‘‘डबड्यात काय बघायचं? दिवसभर एवढा मोठा पडदा बघणारा माणूस मी.’’ मग एकदा सहज म्हणून त्यानं दांडी धरली. त्यानंतर काय झालं ते बकुळाला नीट सांगता आलं नसतं. हळूहळू ताटावर बसला की त्याचा अंगठा ताटाच्या काठावर हलायला लागला, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. भात कालवताना थांबायचा आणि कुठंतरी लांब बघायचा. ‘‘आज तिसऱ्या पुलावर मेलो,’’ एकदा सहज बोलून गेला. तिच्या अंगावर काटा आला. ‘‘मेलो काय म्हणतोस ताटावर बसून? शुभ बोल रे नाऱ्या.’’ तो हसला, पण हसणं उशिरा आलं, दुरून आल्यासारखं. दुसऱ्या एका दिवशी आपणहून म्हणाला, ‘‘अक्का, इतकी वर्षं मी पिक्चर चालवले. शेवटी जो मरायचा तो मेलाच. मी रीळ उलटं लावलं असतं तरी मेला असता. तिथं तसं नाही गं. मी हलवला की तो हलतो. मी थांबलो की मरतो. माझ्यावर आहे त्याचं.’’ एवढं सलग बोलणं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. बकुळाला तेव्हा वाईट वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला, की माझ्या हातात तर नुसती तिकिटं. त्याच्यावर रागवायची ती वेळ होती, आणि ती वेळ तिनं कढी वाढण्यात घालवली.

गणपतीत आपल्या मंडळानं वादविवाद ठेवला होता. विषय, व्हिडिओ गेममुळे चित्रपटगृहे ओस पडत आहेत काय. रेल्वेतून निवृत्त झालेले नानासाहेब अध्यक्ष. कॉलेजातली विद्या उभी राहिली, दोन वाक्यं मराठीत बोलली आणि मग ‘‘मतलब’’ म्हणून जी हिंदीत घसरली ती शेवटपर्यंत परत वर आली नाही. म्हणाली, गेमचा काही दोष नाही, हॉलमध्ये उंदीर आहेत, पंखे बंद आहेत, घरोघर टीव्ही आहे. लोक आधीच गेले होते, गेम रिकाम्या जागेत आला. दुसरा म्हणाला, नाही, गेम आला म्हणून लोक गेले. नानासाहेबांनी कोंबडी आधी की अंडं आधी अशा थाटाचा समारोप केला आणि दोन्ही बाजूंना पेढे दिले. मग कुणीतरी म्हटलं, आपला मार्तंड तर तज्ज्ञ, त्याला बोलू द्या. मार्तंड मागच्या खुर्चीवर बसला होता. उभा राहिला, सगळे वळून बघायला लागले. ‘‘पिक्चर बघणारा बसलेला असतो,’’ तो म्हणाला, ‘‘गेम खेळणारा उभा असतो.’’ एवढंच बोलून बसला. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. बकुळा हसली नाही, कारण बोलताना त्याचा अंगठा हलत होता. लोक खाली पाहत नाहीत, तोंडाकडे पाहतात. तिला हातच बघायची सवय.

किती हात बघितले. हाउसफुल्लच्या दिवशी भोकातून एकदम पाच-सहा हात घुसायचे, मेंदीचे, कळकट, पिठाचे, गोंदलेले, एकमेकांना ढकलणारे, आणि बांगड्या फुटायच्या. रात्री हल्के खिडकीखालचा काचांचा चुरा झाडून सुपात भरायचा. बकुळाला तेव्हा धडकी भरायची, की हे हात आता भिंत पाडून आत येतील आणि मला ओढून नेतील. आता वाटलं, त्या गर्दीत भीती नव्हती, ती भीती नव्हेच. भीती ही. हे रिकामं भोक, समोरचा एक खांब, त्यावर अर्धं फाटलेलं पोस्टर, आणि त्यापलीकडून येणारं टुणटुण, घूंऽऽ.

कोर्ट सुरू झालं. वकील बोलायला लागला. बकुळानं ताट खाली ठेवलं आणि कान भिंतीला लावला. भिंत गार होती. वकील म्हणत होता, मिलॉर्ड, आणि त्यापुढचं वाक्य तिला पाठ होतं. तिनं ते ओठांत म्हटलं. वकिलाचा आवाज एकदम जाड झाला, लांबला, विहिरीत उतरत गेल्यासारखा, आणि थांबला. आता दुसरं मशीन सुरू होईल. आता. पूर्वी पिक्चर असा मध्येच तुटला की हॉल पेटून उठायचा. शिट्ट्या, पाय आपटणं, ‘‘अबे सो गया क्या,’’ मार्तंडच्या आईचा उद्धार, चपला पडद्यावर. बकुळा त्या शिट्ट्यांची वाट बघू लागली. एकही शिट्टी आली नाही. खालच्या वर्गात दोन-चार खुर्च्या वाजल्या, पावलं मागच्या गल्लीकडे गेली, दार ढकलल्याचा आवाज झाला. कंटाळून गेले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तो वास आला. मार्तंडच्या शर्टाचा तो गोडसर वास, पण दाट, आणि त्यात जळक्या चिंध्यांचा. नव्या फिल्मा पेटत नाहीत, नुसत्या वितळतात, तोच सांगायचा. पण वर लाकडी मांडणी होती, मशीन पुसायच्या चिंध्या होत्या, घासलेटाची बाटली होती. सुतळी होती.

‘‘हल्के! ओ हल्के भैया!’’ ती भोकाशी ओरडली. ‘‘अरे कोई है?’’ डबड्यांपाशी मोठा गलका झाला, कुणीतरी कुणाला तरी मारलं होतं, पोरं आनंदानं ओरडली. तिनं दाराला खांदा दिला. कुलूप कडीत वाजलं आणि जिथं होतं तिथंच राहिलं. हाताला काही लागेना म्हणून तिनं मटारचं ताटच उचललं आणि खिडकीच्या गजांवर आपटलं. दाणे सगळ्या खोलीभर झाले. आणि तेवढ्यात भोकातून हात आत आला, नोट धरलेला, अंगठ्यावर पांढरा डाग.

‘‘अक्का, छुट्टे. जल्दी.’’

तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. ‘‘मार्तंड, वर जा. आवाज बंद पडलाय.’’

‘‘पडतो कधीकधी. मोठं रीळ आहे. सोड ना.’’

‘‘जळतंय मार्तंडा. वास घे. तुझं नाक ना ते, वास घे.’’

हात थांबला. भोकापलीकडे त्यानं श्वास ओढलेला तिला ऐकू आला.  आता तो ओरडेल, धावेल, सगळं त्याच्या हातात आहे आणि त्याच्यासारखा ऑपरेटर झाशीत नाही. तिनं एक हात काढून डोळे पुसले.

‘‘समोसेवाल्याचं तेल आहे गं,’’ मार्तंड म्हणाला. ‘‘आलोच. एकच लाइफ उरलीय, पुलाच्या पलीकडे पोचलोय आज. पहिल्यांदा.’’

‘‘मर मेल्या! वर नको जाऊस हवं तर, निदान जनान्याची कडी काढ. आत बाई आहे. आपली मराठी बाई आहे रे, पोटुशी आहे.’’

‘‘हां हां, काढतो,’’ तो म्हणाला, आणि हात पिळवटून काढून घेतला. तिच्या मुठीत नोट राहिली. मग तिला दिसलं, डोळे पुसून झालेल्या तिच्या दुसऱ्या हातानं गल्ला उघडला होता आणि त्याच्या तळव्यावर नाणी ठेवली होती. नेहमीसारखी. नोट आली की नाणी द्यायची, तिच्या हाताला तेवढंच ठाऊक होतं.

खिडकीतून समोरचंच दिसतं. डावीकडे डबडी, उजवीकडे जनान्याचं दार. तो कुठल्या बाजूला गेला हे दिसायला वाव नव्हता. ती ऐकत राहिली. जनान्याची कडी गंजलेली, ती काढताना लांबलचक कुरकुरते, तो आवाज तिला झोपेतही कळला असता. धूर आता छताच्या फटीतून बारीक उतरत होता, थंडीच्या दिवसांत चुलीचा उतरतो तसा. कडी कुरकुरली नाही. डावीकडून नाणं डबड्यात पडल्याचा आवाज आला, आणि त्या पाठोपाठ नवा डाव सुरू होताना वाजणारी ती नाचरी धून.

मग पाठीमागच्या भिंतीवर थाप पडली. जोरात नाही. पाहुण्यांच्या घरी मोरीचं दार वाजवावं तशी.

‘‘बाई,’’ भिंतीपलीकडून आवाज आला. ‘‘ओ बाई, जरा दार उघडता का? धूर व्हायला लागलाय हितं.’’

बकुळानं भिंतीवर दोन्ही तळवे ठेवले. आपणही आत कोंडलेल्या आहोत, हे सांगायचं होतं. जाळीपाशी जा, लाकूड आहे, लाथ मारा, ओरडा, पदर ओला करून तोंडाला लावा, असं कितीतरी सांगायचं होतं, आणि ते सगळं तिच्या गळ्यात एकदम गर्दी करून आलं, हाउसफुल्लच्या दिवशी भोकात हात अडकावेत तसं, कुणालाच पुढे येता येईना. पुन्हा थाप पडली. काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं तोंड भिंतीला लावलं आणि तिच्या तोंडून बाहेर आलं ते वर्षानुवर्षं येत होतं तेच.

‘‘भिऊ नका,’’ ती म्हणाली. ‘‘दाराला बाहेरून कडी आहे. आत कुणी येत नाही.’’

पलीकडे दुर्गा खोकली. थाप थांबली.

‘‘बरं,’’ ती म्हणाली.